‘सहज म्हणालो’ ही सबब चालणार नाही

‘पोरगी काळी हाये, पण नाकीडोळी नीटस हाये.’ ‘पारध्यावानी काय राह्यतं बे, केस तरी विंचर.’ ‘तो हबशी कोनं आनला जेवाले?’ ‘आदिवासी मजूर भोळे असतात, दोन पैसे कमी दिले तरी कुरकुर करीत नाहीत.’ ही वाक्ये कोणा हुकूमशहाच्या जाहीर भाषणातून उचललेली नाहीत. मोताळ्याच्या बसस्थानकावर, आठवडी बाजारात, कापूसवेचणीच्या शेतात आणि लग्न जमविण्याच्या बैठकीत ती रोज उच्चारली जातात. उच्चारणारे बहुतेक सज्जन असतात. दारी आलेल्याला ते पाणी देतात, अडल्यानडल्याला उसनवारी देतात. त्यांतले काहीजण आपल्या मोर्च्यात घोषणा देत पुढे चालतात, महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीला हार घालतात आणि मंडपातून बाहेर पडताच हीच वाक्ये बोलतात.

ही गोष्ट कोणी निदर्शनास आणली, तर तीन प्रकारची उत्तरे मिळतात. पहिले उत्तर असे की, आम्ही सहज म्हणतो, प्रेमाने म्हणतो. मनात काही नसते. दुसरे असे की, वंशद्वेष ही गोऱ्या लोकांची व्याधी आहे, आपल्याकडे सारे एकाच मातीचे. तिसरे उत्तर आपल्याच गोटातून येते, म्हणून ते अधिक गंभीर आहे. कापसाला भाव नाही, पीकविम्याचे पैसे हाती पडत नाहीत, शिकलेल्या पोरांना काम नाही; अशा वेळी शब्दांचा कीस काढीत बसणे ही शहरातल्या विद्वानांची चैन आहे, असे हे उत्तर सांगते. ही तिन्ही उत्तरे आम्हाला अमान्य आहेत. ती का, हे क्रमाने पाहू.

प्रेमाने म्हणतो!

शाळेच्या प्रत्येक वर्गात एखादा ‘काळ्या’ असतोच. पुढे तो बाप होतो, आजा होतो, तरी गाव त्याला काळ्याच म्हणते आणि त्याचे पाळण्यातले नाव मतदारयादीपुरते उरते. तो हसून ओ देतो, यावरून त्याला ते आवडते असा निष्कर्ष लोक काढतात. वेस्ट इंडीजचा कर्णधार डॅरेन सॅमी आपल्या देशात हैदराबादच्या संघाकडून खेळत होता, तेव्हा त्याला सोबतचे खेळाडू ‘काळू’ म्हणत. हा शब्द कोणा बलवानाला लावतात अशी त्याची समजूत होती. खरा अर्थ कळल्यावर जून २०२० मध्ये त्याने जाहीर जाब विचारला आणि त्याला मिळालेले उत्तर आपल्या परिचयाचेच होते: प्रेमाने म्हणत होतो.

त्यानंतर सातच महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराज या आपल्या गोलंदाजाला प्रेक्षकांतून शिव्या दिल्या गेल्या. अजिंक्य रहाणे हा मराठी कर्णधार पंचांकडे गेला, खेळ काही मिनिटे थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. तेव्हा साऱ्या देशाने संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. परंतु सिडनीच्या प्रेक्षकालाही विचारले असते, तर ‘गंमत करीत होतो’ हेच त्यानेही सांगितले असते. गंमत करणाऱ्याच्या हेतूवर अपमानाचे मोजमाप करायचे, हा न्याय सिडनीला लागू नसेल, तर तो मोताळ्याला का लागू व्हावा?

प्रेमाची कसोटी वस्तुतः फार सोपी आहे. ज्याला नाव ठेवले त्याला ते नाकारता येते काय, आणि त्याच मापाचे नाव त्याला समोरच्यास ठेवता येते काय? बरोबरीचे दोन मित्र एकमेकांना काय म्हणतात, यात कोणी पडण्याचे कारण नाही. परंतु मालकाचा पोरगा बापाच्या वयाच्या सालदाराला ‘ए काळ्या’ अशी हाक मारतो आणि सालदार त्याला ‘जी दादा’ म्हणून उत्तर देतो, तेव्हा त्या दोन हाकांच्या मधल्या अंतरालाच विषमता असे नाव आहे. चायनीजच्या गाडीवर राबणाऱ्या पोराचे नाव न विचारताच त्याला ‘बहादूर’ किंवा ‘चिंक्या’ म्हटले जाते, तेही याच जातीचे प्रेम. दिल्लीत जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याच्या केसांवरून आणि रूपावरून अशीच ‘गंमत’ झाली. तिचे पर्यवसान मारहाणीत आणि त्याच्या मृत्यूत झाले. तेव्हा कुठे केंद्र सरकारला ईशान्येच्या लोकांसंबंधी बेझबरुआ समिती नेमावी लागली.

आता ‘काळी पण नीटस’ यातल्या ‘पण’ या इवल्याशा अव्ययाकडे पाहा. मुलीचा रंग हा दोष आहे, तो कशाने तरी भरून काढावा लागतो, आणि भरून निघत नसेल तेथे बापाने हुंडा वाढवावा, एवढा सारा व्यवहार त्या दोन अक्षरांत मांडलेला असतो. मराठी भाषेने गोऱ्याला ‘गोमटा’ जोडला आणि काळ्याला ‘बेंद्रा’, ‘कुट्ट’ आणि ‘कभिन्न’. काळा ब्राह्मण आणि गोरा शूद्र यांच्यावर विश्वास टाकू नये, असे बजावणारी म्हणही आपल्या पूर्वजांनी करून ठेवली. कोणत्या जातीच्या माणसाचा रंग कोणता असावा, हे समाजाने ठरवून दिलेले आहे आणि त्या ठरावाबाहेर जन्मणारा संशयित आहे, हा त्या म्हणीचा अर्थ.

आणि हे कोठे? काळ्या कसदार मातीच्या वऱ्हाडात! आपल्या गावगाड्याच्या भाषेत वस्तीची जागा ती पांढरी आणि पिकाची जमीन ती काळी. त्या काळीला शेतकरी आई म्हणतो, पेरणीपूर्वी तिच्यापुढे नारळ फोडतो. आपल्याच जिल्ह्यातल्या शेगावहून पालखी पंढरपूरला निघते आणि वारकरी शेकडो मैल चालून ज्याच्या पायांवर डोके ठेवतो, तो देव सावळा आहे. सावळ्या देवासाठी डोळ्यांत पाणी आणणारा हाच माणूस परत आल्यावर सावळी सून नको म्हणतो. तेव्हा ‘काळा’ या शब्दाशी आमचे वैर नाही. काळा बाजार, काळा पैसा हे शब्दही कोशातून हाकलावेत, असे आमचे म्हणणे नाही. माणसाच्या कातडीवरून त्याची किंमत ठरविण्याशी आमचा झगडा आहे.

ही किंमत ठरली कोठे, याचे उत्तर डॉ. राममनोहर लोहिया यांनी देऊन ठेवले आहे. गोऱ्या राष्ट्रांनी जगावर राज्य केले म्हणून गोरा रंग सुंदर ठरला. आफ्रिकेने युरोपवर राज्य केले असते तर सौंदर्याची व्याख्या वेगळी झाली असती, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. आपल्याकडे साहेबाच्या आधीही उन्हात न राबणाऱ्याची कातडी उजळ राहत होती आणि राबणाऱ्याची रापत होती. म्हणजे गोरेपणाच्या ओढीत सत्तेची पूजा आहे आणि श्रमाचा तिरस्कारही आहे. भांडवलदाराने हे फार अचूक ओळखले. ‘फेअर अँड लव्हली’ नावाची डबी १९७५ साली बाजारात आली आणि पंचेचाळीस वर्षे मुलींच्या न्यूनगंडावर नफा कमावीत राहिली. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या नागरिकाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, जगभर निदर्शने झाली, तेव्हा कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. डबी तीच, गिऱ्हाईक तेच आणि न्यूनगंडही तोच राहिला.

हा वंशवाद नव्हेच!

दुसरे उत्तर जरा शिकलेल्या माणसांचे असते. वंश वेगळा आणि जात वेगळी, असे ते सांगतात आणि आपल्या बाजूने बाबासाहेबांचा हवाला देतात. हवाला खरा आहे. जाती म्हणजे निरनिराळे वंश होत, हा सिद्धांत बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या निबंधात आणि पुढेही सप्रमाण खोडून काढला. १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख रिस्ले हा नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसाची सामाजिक पायरी ठरवू पाहत होता. त्या शास्त्राचे दिवाळे केव्हाच वाजले. परंतु वंश ही कल्पना खोटी ठरली म्हणून वंशद्वेष खोटा ठरत नाही. भूत नसले तरी भुताळी म्हणून मारलेली बाई खरोखरच मरते. जन्मावरून माणसाचा स्वभाव, अक्कल, स्वच्छता आणि नीती ठरलेली असते असे मानणे, हा वंशवादाचा गाभा आहे. मिसिसिपीतला गोरा हे कातडी पाहून मानतो, आपण आडनाव विचारून मानतो.

वंशभेदाच्या सर्व प्रकारांच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९६५ साली संमत केला आणि भारताने १९६८ साली त्याला मान्यता दिली. त्या कराराच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्या शेजारी ‘जन्मकूळ’ हाही आधार स्पष्टपणे घातलेला आहे. असे असताना २००१ साली डर्बन येथील जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न निघू नये म्हणून आपल्याच सरकारने कंबर कसली. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत आवाज उठविण्यात अग्रभागी राहिलेल्या देशाने त्याच दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर आपल्या घरचा प्रश्न झाकावा, ही इतिहासाने केलेली मोठीच थट्टा होय.

मराठी मुलुखातल्या द्रष्ट्या माणसांना मात्र हे नाते ओळखण्यासाठी कोणत्याही कराराची गरज लागली नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली आणि काळ्यांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली डु बॉइस या काळ्या विचारवंताशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईतल्या दलित तरुणांनी संघटना उभारली, तेव्हा तिचे ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतल्या काळ्या तरुणांच्या संघटनेवरून घेतले. आणि डॉ. लोहिया? मे १९६४ मध्ये मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरी एका उपहारगृहाच्या दारात वर्णावरून अडविले गेल्यावर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात गेले आणि त्यांनी अटक ओढवून घेतली. त्यांच्या सप्तक्रांतीत कातडीच्या रंगावरून होणाऱ्या विषमतेविरुद्धची क्रांती स्वतंत्रपणे सांगितली आहे. ज्यांना सप्तक्रांती तोंडपाठ आहे, त्यांनी हा प्रश्न परका म्हणून झटकून टाकावा, याचे आश्चर्य वाटते.

‘हबशी’ या शब्दाचेच उदाहरण घ्या. आडदांड, अडाणी, खादाड माणूस या अर्थाने आपण तो वापरतो. जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा हे आपल्या जिल्ह्याचे भूषण. त्या जिजाऊंचे पती शहाजीराजे १६२४ साली भातवडीच्या लढाईत ज्याच्या सेनापतित्वाखाली लढले, तो मलिक अंबर हबशी होता. आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला. त्याने जमीनमहसुलाची घडी बसविली, खडकी हे शहर वसविले आणि मोगलांच्या फौजांना गनिमी काव्याने वर्षानुवर्षे झुंजविले. जिजाऊंच्या नावाने छाती फुगविणाऱ्याने ‘हबशी’ ही शिवी द्यावी, यात अज्ञान किती आणि अकृतज्ञता किती, याचा निवाडा वाचकांनीच करावा. २०१३ साली गोव्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली, तेव्हा अनेकांना ते फाजील वाटले. परंतु मंत्र्याने नवा शब्दकोश कोठून आणणार? घराघरातला कोशच त्याने व्यासपीठावर उघडला.

आणि ही तलवार उलटते तेव्हा काय होते, तेही पाहा. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात जर्सी सिटी येथे १९८७ साली भारतीयांना मारहाण करणारी जी टोळी निघाली, तिने आपले नावच मुळी बायांच्या कपाळावरच्या कुंकवाची टर उडवून घेतले होते. आज बुलढाणा जिल्ह्यातलीही मुले परदेशी नोकरीला जातात. तेथे त्यांना ‘तुमच्यातले लोक असेच’ हे वाक्य ऐकावे लागते, तेव्हा त्यांना तो अन्याय वाटतो. तेच वाक्य त्यांनी लहानपणी घरच्या ओसरीवर ऐकलेले असते. फक्त तेव्हा ते दुसऱ्याविषयी होते.

आधी पोटाचे बोला!

आता तिसरे उत्तर. पोटाचा प्रश्न आधी, शब्दांचा नंतर. हे म्हणणाऱ्या साथींचा प्रामाणिकपणा आम्ही मानतो, म्हणूनच त्यांना विनंती आहे की पोटाच्याच बाजूने या प्रश्नाकडे पाहा. त्यासाठी ‘पारध्यावानी’ हा शब्द हाती घ्या आणि तो कोठवर नेतो ते पाहा.

पारधी हा शिकारी. तित्तर, लावे, हरणे फासात पकडून विकणे हा त्याचा धंदा. टाकणकार ही त्याच जमातीची एक शाखा. गावोगाव फिरून घराघरातल्या जात्याला टाकी लावून देणे हे तिचे काम. पिठाची गिरणी आली, जाते अडगळीत गेले आणि टाकीही गेली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकार हाच गुन्हा ठरला. वन्य प्राण्यांचे रक्षण व्हावे, याविषयी वाद नाही. परंतु ज्याचा धंदा बुडाला त्याला शेत, शिक्षण किंवा नोकरी यांपैकी काय दिले, हे विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही.

आधीच इंग्रजाने त्याच्या कपाळावर डाग दिला होता. १८७१ साली त्याने गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तर हिंदुस्थानात आणला, १९११ साली त्याचे क्षेत्र साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात वाढविले आणि १९२४ साली तो पुन्हा पक्का केला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरविता येते, तिच्या माणसांना हजेरी लावता येते, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी करता येते, असा हा कायदा. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पारधी आणि टाकणकार यांचे वर्णन गुन्हेगारीशी जोडूनच येते. साहेबाने जे लिहिले, ते त्याने गावच्या पाटलाकडून आणि फौजदाराकडून ऐकले होते; आणि साहेबाने लिहिले म्हणून पाटलाच्या नातवाला ते शास्त्र वाटू लागले. असा हा पूर्वग्रह बोलण्यातून कागदावर आणि कागदावरून पुन्हा बोलण्यात फिरत राहिला.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. परंतु १९५९ साली, बुलढाणा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात असताना, त्या राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा केला. पाटी बदलली तरी पोलिसाची नजर बदलली नाही. अशा कायद्यांचा फेरविचार करून ते रद्द करावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ साली भारताला सांगितले. ही समिती कोणती? वंशभेदनिर्मूलनाच्या त्याच कराराखालची! वंशवाद आपल्याकडे नाही म्हणणाऱ्यांनी एवढे एकच कागदपत्र वाचावे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तकांतील जातिवाचक कलमे घटनाबाह्य ठरवावी लागली. जातीवरून सफाईचे आणि स्वयंपाकाचे काम वाटून देणारे आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणारे नियम स्वातंत्र्यानंतर सात दशके छापील स्वरूपात शाबूत होते.

आता हा शब्द पोटापर्यंत कसा पोचतो ते पाहा. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी तपास सुरू होण्यापूर्वीच बेड्याकडे वळते. घरातला कमावता माणूस उचलला जातो. त्याच्या सुटकेसाठी बायको शेळ्या विकते, सावकाराचे पैसे घेते. सुटून आला तरी ‘चौकशीला नेलेला’ म्हणून त्याला कोणी कामावर ठेवीत नाही. पोर शाळेत जाते, तेथे कोणाची पेन्सिल हरवली की साऱ्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळतात. चार वेळा असे झाले की ते शाळा सोडते. शाळा नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून जातीचे प्रमाणपत्र नाही आणि प्रमाणपत्र नाही म्हणून घरकुल नाही, शिष्यवृत्ती नाही, जमीन नाही. म्हणजे ज्या रोटीचे आपण बोलतो, ती रोटी या माणसाच्या तोंडातून एका शब्दाने काढून घेतलेली असते. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली आपल्या आत्मकथनाला जे नाव दिले ते ‘उचल्या’ असे होते. समाजाने मारलेली हाकच त्यांनी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ठेवली. कारण त्या हाकेनेच त्यांच्या माणसांचे सारे जगणे ठरविले होते.

तेव्हा शब्द आणि पोट असा वाद उभा करणे मुळातच चूक आहे. कापूस वेचणाऱ्या आदिवासी बाईला कमी मजुरी देता यावी, यासाठी ‘ते लोक भोळे असतात’ हे वाक्य लागते. हे वाक्य ऐकायला स्तुतीसारखे आहे, म्हणून अधिक घातक आहे. ‘आदिवासी भोळा’, ‘नेपाळी इमानी’, ‘हबशी दणकट’ या प्रशस्तिपत्रांचा उपयोग कोणाला होतो, हे पाहिले म्हणजे पुरे. माणूस भोळा ठरला की त्याच्याशी हिशेब करण्याची गरज उरत नाही, आणि दणकट ठरला की त्याच्या विश्रांतीची. सावकाराचा हा शब्द आपल्या पत्रकात ‘भोळ्याभाबड्या आदिवासी बांधवांनो’ म्हणून छापला जावा, ही शोभेची गोष्ट नाही.

पाटी बदलली, पुढे काय?

याच्या उलट टोकाला असलेल्या मंडळींनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. शब्द बदलला की काम संपले, असे त्यांना वाटते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु समतानगराला जाणारा रस्ता पावसाळ्यात चिखलात बुडत असेल, नळ शेवटी येत असेल आणि मयताला जागा मिळत नसेल, तर नव्या पाटीवरही लोक जुनेच नाव वाचतील. समता मिळाली नाही, तर ‘समतानगर’ हीच उद्याची शिवी होईल. दिल्लीच्या विद्वानाने सभ्य शब्द शोधावा, मुंबईच्या कार्यालयात परिपत्रक निघावे आणि मोताळ्याच्या बेड्यावर पोलिसांची गाडी पूर्वीप्रमाणेच वळावी, या सभ्यतेला आम्ही संवेदनशीलता म्हणत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. अनुसूचित जातिजमातीच्या व्यक्तीचा लोकांदेखत हेतुपुरस्सर पाणउतारा करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि पारधी व टाकणकार ही नावे महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. तो कायदा जेथे लागतो तेथे निर्भयपणे वापरला पाहिजे. परंतु ओसरीवर, स्वयंपाकघरात, मुलाला आंघोळ घालताना जे बोलले जाते, तेथे कायदा पोचत नाही आणि पोचूही नये. तेथे पोचायचे काम कार्यकर्त्याचे आहे.

कार्यकर्त्याचे काम

ते काम अवघड नाही, फक्त अप्रिय आहे. पहिली गोष्ट, हसायचे नाही. अशा विनोदावर चारचौघांत एक माणूस गंभीर राहिला की विनोद करणाऱ्याला आपले वाक्य स्वतःच्या कानांनी पुन्हा ऐकावे लागते. भांडण काढण्याची गरज नाही. ‘हे त्याच्या तोंडावर म्हणाल काय?’ एवढा प्रश्न पुरतो. दुसरी गोष्ट, माणसाचे नाव विचारायचे आणि त्याच नावाने हाक मारायची. सालदाराला, चायनीजच्या गाडीवरच्या पोराला, वीटभट्टीवरच्या मजुराला, वयाप्रमाणे दादा, काका, मावशी म्हणायला मराठी भाषेने कधी हरकत घेतलेली नाही. तिसरी गोष्ट, मुलगी पाहण्याच्या बैठकीत रंगाचा विषय निघाला की आपल्या घरापुरते तरी तेथेच थांबविण्याचे धैर्य दाखवायचे. जो कार्यकर्ता व्यासपीठावरून स्त्रीपुरुष समतेचे बोलतो आणि भावासाठी ‘गोरी’ वधू शोधतो, त्याचे भाषण त्याच्या वहिनीला तरी कसे पटावे?

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. बेड्यावरचा माणूस उचलला गेल्याचे कळताच पोलीस ठाण्यात जाऊन उभे राहायचे. अटक केलेल्यास कारण सांगितले पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळता चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे घटनेचे २२ वे कलम सांगते. अटकेचा लेखी पंचनामा करावा आणि नातेवाइकाला कळवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली डी. के. बसू खटल्यात घालून दिले आहे. हे नियम मोताळ्यातल्या प्रत्येक कार्यकर्त्याला मुखोद्गत असले पाहिजेत. ‘पारध्यावानी’ हा शब्द गावाच्या जिभेवरून जाईल तो यामुळेच. कारण गावचा प्रतिष्ठित माणूस पारध्याच्या बाजूने ठाण्यात उभा राहिलेला गावाने पाहिला, म्हणजे त्या शब्दातली चूक गावाला समजावून सांगावी लागत नाही.

दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिन येतो. त्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात नेहमीच्या वक्त्यांचे भाषण ठेवण्याऐवजी बेड्यावर सभा घ्यावी, अध्यक्षस्थानी तिथल्याच बाईला किंवा माणसाला बसवावे आणि आपल्या पुढाऱ्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे. दाखले, घरकुल, जमीन, अटका यांची यादी त्याच सभेत करावी आणि दुसऱ्या दिवशी ती घेऊन तहसील कचेरीत जावे. ‘सहज म्हणालो’ ही सबब सांगणाऱ्या साथींनाही त्या सभेला अवश्य न्यावे. आपण सहज म्हटलेले शब्द दुसऱ्याने कसे जन्मभर वाहिले, हे त्यांना तेथे त्या माणसांच्याच तोंडून ऐकायला मिळेल.